कंदील टॉकीजमधला पाळणा

राधाकृष्ण महाराजांनी तीन वर्षांत फेट्याला हात लावला नव्हता. त्या रविवारी दुपारी तो पेटीतून निघाला, तेव्हा त्याच्या घड्यांतून डांबरगोळ्यांचा असा भपकारा आला की गोजरबाई म्हणाल्या, "अहो, फेटा बांधताय का कपाट घालताय डोक्यावर?"

एरवी महाराजांनी या बोलण्याला तोडीस तोड उत्तर दिलं असतं. आज मात्र आरशासमोर उभे राहून ते तिसऱ्यांदा फेटा सोडत होते आणि चौथ्यांदा बांधत होते.

तीन वर्षांपूर्वी शेवगावच्या सप्त्यात काल्याचं कीर्तन त्यांच्याकडे होतं. सात दिवसांच्या कीर्तनांत काल्याचं कीर्तन म्हणजे कळस. मंडप भरलेला, महाराज रंगात आलेले, आणि ऐन कथेत पुढचं सगळं पुसलं गेलं. कुठून आलो, कुठं निघालो, काहीच आठवेना. कीर्तनकार थांबला की मागचे टाळकरी ध्रुपद धरतात, तेवढ्यात तो श्वास घेतो आणि पुन्हा धागा पकडतो. टाळकऱ्यांनी ध्रुपद धरलं. एकदा, दोनदा, अकरा वेळा. महाराजांना धागा सापडला नाही. शेवटी गजर करून कीर्तन उरकलं. सप्त्याचे प्रमुख रंगनाथ पाटील भला माणूस. त्यांनी स्वतः चहा आणून दिला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "महाराज, लई केलं तुमी. आता आराम करा."

त्या 'आराम करा' नंतर फोन वाजायचा थांबला.

डॉक्टरांनी डोकं तपासून सगळं ठणठणीत असल्याचं सांगितलं. महाराजांना मात्र लोकांसमोर उभं राहायचीच धास्ती बसली. घरात हरिपाठ म्हणायचे, तोही दार लावून. पांडुरंगानं दिलेला आवाज पांडुरंगानंच परत मागितला, अशी त्यांनी मनाची समजूत घातली होती. ती समजूत काही त्यांना पटलेली नव्हती.

आणि मग एके दिवशी अल्मास आली.

अल्मास म्हणजे मोहियोद्दीनभाईंची मुलगी. पुण्याला सिनेमाचं शिकून आली आणि केडगावात कांद्याची एक जुनी वखार घेऊन तिथं तिनं एकशे बारा खुर्च्यांचं 'कंदील टॉकीज' उभं केलं. मोठ्या थिएटरात न लागणारे सिनेमे तिथं लागायचे. पावसाळी हवेत अजून कांद्याचा वास यायचा, त्यामुळं सिनेमा हसवणारा असला तरी लोक डोळे पुसत बाहेर पडायचे, असं लोकच म्हणायचे. महिन्यातून एकदा तिचा 'खास खेळ' असे. एकदा सासू-सुनांनी जोडीनंच यायचं, एका तिकिटात दोघी. एकदा डोळ्यांनी न दिसणाऱ्यांसाठी पडद्यावरचं सगळं बोलून सांगायचं. या महिन्याला तिच्या डोक्यात शंभर वर्षांपूर्वीचा एक परदेशी मूकपट होता.

"मुक्या सिनेमाला आवाज तुम्ही द्यायचा, महाराज," ती म्हणाली. "पडद्यावर चित्र, खाली कीर्तन. मागे टाळ-मृदंग."

"पोरी, माझं बंद झालंय आता."

"अब्बांनी तुमचंच नाव सांगितलं."

मोहियोद्दीनभाई दारातच उभे होते. उभं आयुष्य त्यांनी तंबूच्या टॉकीजमध्ये मशीन चालवलं होतं. जत्रेत कीर्तनाचा मंडप आणि सिनेमाचा तंबू शेजारी शेजारी. कीर्तन संपल्याशिवाय रीळ चालू करायची नाही, हा जुना रिवाज. "चाळीस वर्षं तुमचं संपायची वाट बघितली मी," भाई म्हणाले. "मशीनला टेकून तुमची किती आख्यानं पाठ झाली माझी. आता मला तुमच्याबरोबर सुरू करायचंय. बस."

महाराज नाही म्हणणारच होते. पण स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या गोजरबाईंच्या तोंडाकडं त्यांचं लक्ष गेलं. तीन वर्षांत तिनं कीर्तनाबद्दल एका शब्दानं काही म्हटलं नव्हतं. आताही म्हणत नव्हती. तेच त्यांना सोसलं नाही.

सिनेमा त्यांनी पाच वेळा पाहिला. समुद्राच्या कडेला एक उंच बुरूज, त्यावर दिवा. दिवा सांभाळणारा नवरा, त्याची बायको. त्यांना मूल होतं. नवरा समुद्रात जातो तो परत येत नाही. बाई दिवाही सांभाळते, मूलही. मूल मोठं होऊन जहाजावर निघून जातं आणि म्हाताऱ्या आईला रोज रात्री दिवा लावायचा तेवढा राहतो. महाराजांनी वही केली. कोणत्या मिनिटाला काय दिसतं, तिथं काय बोलायचं, सगळं लाल शाईनं. टाळकऱ्यांसाठी एक ध्रुपदही स्वतःच रचलं: 'दिवा लाव गं माय, लेकरू वाटेवर हाय.' कंदीलचा एक नियम अल्मासनं आधीच सांगून ठेवला होता. खेळ एकदा सुरू झाला की मध्ये थांबत नाही.

"मला वही पुरे," महाराज म्हणाले होते.

रविवारी चार वाजता वखार भरली. भंडारदऱ्याजवळच्या अकोल्याहून गहिनीनाथ मृदंग घेऊन आला होता, जीपभर टाळकरी घेऊन. तो महाराजांचा वीस वर्षांचा साथीदार. केडगावच्या बाया होत्या, कॉलेजची पोरं होती, मोहियोद्दीनभाईंचा सगळा मोहल्ला होता. आणि तिसऱ्या रांगेत, पांढरी टोपी मांडीवर ठेवून, रंगनाथ पाटील बसले होते.

"त्यांना कुणी सांगितलं?" महाराजांनी हळूच विचारलं.

"मी," गहिनीनाथ मृदंगाला कणीक लावत म्हणाला. "ज्याच्यासमोर सांडलं त्याच्यासमोरच भरायचं. बाकीच्यांसमोर भरून काय उपेग?"

दारात गोजरबाई येणाऱ्या प्रत्येक बाईच्या हातात कागदाची पुडी देत होत्या. अल्मासला वाटलं, खायला काही असेल. तिनं हसून मान डोलावली.

अंधार झाला. वर केबिनमध्ये मोहियोद्दीनभाईंनी बटण दाबलं. महाराजांनी टाळ हातात घेतले, रामकृष्णहरी म्हटलं, आणि आवाज निघाला. पहिल्या दोन वाक्यांना तो चिरकला. तिसऱ्याला सुटला. समुद्र कसा, तर भंडारदऱ्याचं धरण भरल्यावर दिसतं तसं, पण पलीकडचा डोंगर काढून टाकायचा. अकोल्याचे टाळकरी हसले. बुरुजाच्या पायऱ्या किती, तर देवाला नवस बोलून चढाव्यात तेवढ्या. लोक पुढे सरसावून बसले. छोट्या बॅटरीच्या उजेडात महाराज वहीची पानं उलटत होते आणि सगळं बरोबर ठरल्यासारखं चाललं होतं.

पडद्यावर सुईण धावत आली. बाईचा चेहरा, कपाळावर घाम. महाराजांचा आवाज चढला, मृदंग दुडक्या चालीवर आला, आणि जन्मभराच्या सवयीनं त्यांनी दोन्ही हात वर करून म्हटलं, "जन्मला गं माय, जन्मला."

आणि वखारीतल्या सगळ्या बाया उठून उभ्या राहिल्या.

आता यात नवल ते काय? कीर्तनात जन्म झाला की उठून फुलं उधळायची, पाळणा म्हणायचा, ही आपल्याकडची रीतच. महाराज घरी म्हणाले होते, सिनेमात जन्म आहे. गोजरबाईंनी तेवढंच ऐकलं आणि सकाळीच शेवंती आणि झेंडूची पाटीभर फुलं निवडून पुड्या बांधल्या. वर डबाभर सुंठवडासुद्धा. फुलांचा एकच पाऊस झाला. गोजरबाईंनी पाळणा धरला, बायांनी उचलला, मोहियोद्दीनभाईंच्या घरच्या लेकी-सुनांनीही पाळण्याची दोरी ओढल्यासारखा हात हलवायला सुरुवात केली. पाच कडवी झाली. पाळणा मध्येच सोडायचा नसतो.

आणि सिनेमा काही पाळण्यासाठी थांबत नाही.

महाराज पडद्याकडं वळले तेव्हा तिथं दहा वर्षांचा एक मुलगा दोर ओढत होता. नवरा होडीत बसला कधी, बुडाला कधी, सगळं वाहून गेलं होतं. त्यांनी वही पाहिली. वही झेंडूखाली गेली होती. ती उपसून काढली तर पान कोणतं, मिनिट कोणतं, काही मेळ लागेना.

टाळकऱ्यांनी ध्रुपद धरलं. 'दिवा लाव गं माय...'

एकदा.

तीच ती पांढरी, कोरी जागा. शेवगावची.  दुसऱ्यांदा ध्रुपद झालं. तिसऱ्या रांगेत रंगनाथ पाटलांनी मान खाली घातली, दुसऱ्याची लाज आपल्या नजरेला पडू नये म्हणून घालतो तशी. केबिनच्या चौकोनी खिडकीतून मोहियोद्दीनभाईंचा हात बाहेर आला. थांबवू का? नियम मुलीचा होता, पण मशीन त्यांच्या हातात होतं. महाराजांनी नुसती मान हलवायची, की सगळं सावरलं जाणार होतं. आणि सगळ्यांना कळणारही होतं.

तिसऱ्यांदा ध्रुपद.

गोजरबाईंना एव्हाना उमगलं होतं. रिकामी पुडी तोंडाशी धरून त्या उभ्या होत्या. त्यांच्या पलीकडे एक म्हातारी मात्र अजून डोळे मिटून हवेतली दोरी ओढत होती, आणि तिच्या डोक्यावर पडद्यावरचा तो दांडगा मुलगा.

महाराज बघत राहिले. मग त्यांनी वही मिटली, खाली ठेवली, आणि केबिनकडं हात करून खूण केली. चालू दे.

"आजी," ते अगदी घरच्या आवाजात म्हणाले, "दोरी सोडा आता. पोरगं दहा वर्षांचं झालं."

वखार हसली. म्हातारीनं डोळे उघडून पडद्याकडं पाहिलं आणि तीही हसली.

"हसताय, पण मला सांगा, कधी झालं? कुणी बघितलं? आपण सगळे इथंच हुतो ना? पाळणा म्हणता म्हणता मान वर केली, तर पोर मोठं. बाप जवळ हुता, तो कधी गेला तेबी कळलं न्हाई. सांगा बायांनो, तुमच्या घरात येगळं झालं का? त्या बाईलाही कळलं नसंल. ती पाळणा हलवत बसली, आणि समुद्र आपलं काम करत बसला."

 मागच्या रांगेत कुणाचं तरी नाक ओढलेलं ऐकू आलं, आणि त्या दिवशी हवा कोरडी होती, कांद्याचा वास नव्हता.

मग महाराजांना वहीची गरज लागली नाही. ते पडद्याकडं तोंड करून बोलू लागले, जणू पडदाच त्यांना कथा सांगत होता आणि ते नुसते लोकांना पोचवत होते. मुलगा जहाजावर गेला तेव्हा मृदंग थांबला, नुसते टाळ राहिले. शेवटी वादळ आलं. मुलाचं जहाज लाटांत, बुरुजावरचा दिवा विझू घातलेला, तेल संपलेलं. म्हातारी घरभर शोधते. खुर्ची फोडते, जाळते. पेटी फोडते, जाळते. आणि मग कोपऱ्यातून ओढून आणते तो पाळणा.

पाच वेळा पाहूनही महाराजांनी वहीत तिथं एवढंच लिहिलं होतं: 'बाई लाकूड जाळते.'

"माउली," महाराज म्हणाले, आणि आवाज कळसाला गेला, "हा पाळणा ओळखला का? तुमीच हलवलाय मघा. ह्याच्यावर तुमचीच फुलं पडलीत. तो जळतोय तर जळू द्या. ज्याच्यासाठी केला हुता, त्यालाच वाट दाखवतोय."

पडद्यावर उजेड झाला. जहाजानं तोंड फिरवलं. गहिनीनाथानं मृदंगावर थाप टाकली, अख्खी वखार उभी राहिली, आणि विठ्ठल-विठ्ठलच्या गजरात टाळ्यांना, हुंदक्यांना आणि छताच्या पत्र्याच्या थरथराटाला वेगळं ओळखता येईना. आई-मुलाची गळाभेट झाली तेव्हा गोजरबाईंनी मुठीत राखून ठेवलेली शेवटची चार फुलं टाकली. ती पडद्यावर न पडता महाराजांच्या फेट्यावर पडली.

दिवे लागले. सुंठवडा वाटला गेला. अल्मास केबिनच्या जिन्यावरच बसली होती, डोळे लाल, हातात सुंठवडा. "हे आपण ठरवलं नव्हतं," ती एवढंच म्हणाली.

गर्दीतून वाट काढत रंगनाथ पाटील आले. वाकून त्यांनी महाराजांच्या पायांना हात लावला, मग बराच वेळ टोपी नीट करत राहिले.

"महाराज, मी तुमाला आराम करा म्हणालो हुतो."

"तुमी मायेनंच म्हणालात."

"मायेनं म्हणालो, पन चुकीचं म्हणालो. यंदा काल्याचं कीर्तन तुमीच करायचं. तारीख द्या."

तीन वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली, तो हा. महाराजांनी डोळे मिटले, मनातल्या मनात पांडुरंगापुढं माथा टेकला, आणि उघडले तेव्हा त्यांच्या नजरेत जुना खट्याळपणा होता.

"काल्याला येतो. पन तारीख आधी अल्मासला विचारून घ्या पाटील. तिचा पुढचा मुका सिनेमा त्याच दिवशी आला, तर तुमाला सगळा मंडप हितं आणावा लागंल."

मोहियोद्दीनभाई जिन्यावरून उतरत होते. "चाळीस वर्षं," ते म्हणाले, "यांचं संपलं की माझं सुरू व्हायचं. आज पहिल्यांदा दोघांचं एकदम संपलं."

गोजरबाई बाजूला उभ्या राहून फुलं गोळा करत होत्या. महाराज जवळ आले तशा त्या मान वर न करता म्हणाल्या, "फुलं आणायला नको हुती का हो?"

महाराजांनी फेट्यावरची शेवंती काढून त्यांच्या ओंजळीत टाकली.

"पुढच्या येळी दोन पाट्या आण," ते म्हणाले. "आणि आता सांग, कपाट नीट बसलं का डोक्यावर?"