पिवळ्या रंगाची वाटी

दाजीच्या मूर्तिशाळेतला गणपती आमच्या गावात डोळ्यांवरून ओळखतात, आणि ते डोळे सुभद्रा काढते हे मूर्तीसाठी पाट घेऊन येणारं प्रत्येक घर जाणतं. मातीत दाजीचा हात बरा. ब्रश धरला की थरथरतो. तरी गेल्या वर्षी मुंबईचे चॅनेलवाले आले तेव्हा कोरडा ब्रश हवेत फिरवत तो शुद्ध मराठीत म्हणाला, "डोळे मी स्वतः काढतो." मग सुभद्राकडे बोट करून, "ही आमची रंगाची वाटी धरते."

सुभद्राने वाटी धरली. ती अशी गप्प राहिली की समजावं, तिचं येणं वसूल व्हायचं बाकी आहे.

शिमग्यानंतर ती पडवीत कॅनव्हासवर चित्रं काढू लागली. देव नाही, माड नाही, होडी नाही.

"ह्यां काय गो?" मी शेजारून डोकावत विचारलं.

"मनात येता तां."

एक चित्र मात्र मला लगेच कळलं. गेरूचं मोठं पोट, उतरलेला डावा खांदा, कानावर पेन्सिल, आणि दुसऱ्यांच्या ताटांकडे गेलेले कितीतरी हात. चेहऱ्यावर डोळेच नव्हते. असा खांदा पाडून, कानावर पेन्सिल लावून गावात एकच माणूस चालतो.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी, "घरात ओल धरता" म्हणत तिने ते शाळेत आणून भिंतीला टेकवलं. कणकवलीच्या कॉलेजात चित्रकला शिकवणाऱ्या अपेक्षा मॅडम त्या दुपारी आपल्या घरचा गणपती सांगून ठेवायला यायच्या होत्या. आल्या, आणि चित्रासमोरून हलेनात.

"केवढा राग आहे यात. मालवणच्या प्रदर्शनात ठेवू या. कुणाचं आहे?"

सुभद्रा खाली मान घालून रंग घोटत होती.

"माझंच," दाजी म्हणाला. "सही तेवढी राहिलीय."

तो वळला, तर सुभद्रा पिवळ्या रंगाची वाटी धरून उभीच होती. दाजीने कोपऱ्यात थरथरत्या अक्षरांत आपलं नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी, नागपंचमीला, पाट द्यायला आलेल्या गावातल्या बाबलीने पाट खाली ठेवला. चित्र बघितलं, नाव वाचलं, दाजीकडे बघितलं.

"दाजीनू, स्वतःचो फोटो बरो काढलास. खांदो तर तुमचोच."

संध्याकाळपर्यंत, ज्यांचे पाट कधीच पोचले होते तेही पाट पोचला की नाही बघायला आले. दाजीला चित्र तिथून हलवता येईना. हलवलं तर मॅडमना काय सांगणार? ठेवलं तर गाव हसतंय.

सुभद्रा मात्र त्या दिवसापासून शाळेत फिरकली नाही. चतुर्थी तोंडावर आली. सगळे गणपती रंगून बसले, डोळ्यांवाचून. शेवटी दाजी तिच्या पडवीत आला. मी तिथेच चहा पीत होतो.

"चल गो सुभद्रा. डोळे रवले आसत."

तिने कॅनव्हासवरची नजर काढली नाही.

"डोळे तुमीच काढतास मां, दाजीनू?" मग ब्रश पुसत म्हणाली, "तुमी व्हा फुडे. येतंय मी. वाटी धरूक."