एकशे तेराची बाकी

थाकानेचे वडील मोलेफी सत्तावीस वर्षं सरहद्दीपलीकडे सोन्याच्या खाणीत होते. वर्षाकाठी त्यांना एक महिना सुट्टी मिळायची. नाताळाच्या सुमारास बसमधून उतरायचे ते खांद्यावर नवं कांबळं, हातात साखर आणि लेकीसाठी बूट घेऊन. बूट दर खेपेला लहान निघायचे, कारण त्यांच्या डोक्यातली लेक गेल्या नाताळाएवढीच असायची. मग जानेवारी उजाडला की परत.

त्यामुळे त्या वर्षी मे महिन्यात खाणीच्या डॉक्टरनं छातीचा फोटो पाहून त्यांना कायमचं घरी धाडलं, तेव्हा थाकानेची पंचाईत झाली. ती सव्वीस वर्षांची, मोखोत्लोंग या डोंगरी गावातल्या हायस्कुलात गणित शिकवणारी बाई. आजारी बापाला दर शनिवारी भेटायला जायचं हे तिनं ठरवलं आणि पाळलंही. चार तास बसनं, मग तासभर चढण. पण जाऊन बोलायचं काय? बाप भिंतीला टेकून शेकोटीशी बसलेला. फुफ्फुसांत खडकाची भुकटी बसलेली, दोन वाक्यांत एकदा थांबून श्वास ओढायचे. बापाला ती न्ताते म्हणायची; विचारायची, "न्ताते, बरं आहे ना?" ते म्हणायचे, "बरं आहे." आणि दोघंही शेणीच्या धुराकडे पाहत बसायची.

"सत्तावीस वर्षं मी त्याला पत्रं लिहवून पाठवली," आई एकदा बाहेर दळत बसलेली असताना म्हणाली, "आता माणूस समोर बसलाय तर सांगायला काही सुचत नाही. तुला तरी सुचतंय का?"

थाकानेला सुचत नव्हतं. म्हणून ती सोबत वह्यांचा गठ्ठा आणू लागली. वह्या तपासल्या की निदान हाताला काम राहतं.

जून म्हणजे तिथला ऐन हिवाळा; त्यातल्या एका शनिवारी बाहेर बर्फ पडलं होतं. ती हायस्कुलातल्या दुसऱ्या वर्षाच्या वह्या पाहत होती आणि एक्क्याण्णव ही मूळ संख्या आहे असं लिहिणाऱ्या सातव्या पोरीच्या वहीवर लाल फुली मारत होती. वैतागून ती स्वतःशीच काही बोलली असेल. बापानं विचारलं, "काय केलंय तिनं?"

"तेरा साती एक्क्याण्णव, एवढं येत नाही यांना."

"मग?"

तिनं सांगितलं. तेरा मेंढ्या दोघांत सारख्या वाटता येत नाहीत, तिघांत नाही, चौघांत नाही. एकाकडेच ठेवायच्या, नाहीतर तेरा जणांना एकेक द्यायची. अशी जी संख्या वाटलीच जात नाही ती मूळ. बारा मेंढ्या तिघांत वाटल्या जातात, म्हणून बारा संयुक्त. एक्क्याण्णव दिसायला मूळ वाटते, पण सात जणांना तेरा-तेरा मिळतात. फसवी आहे.

बापानं शेकोटीत एक शेणी सारली. मग म्हणाले, "दोन लाख बारा हजार एकशे एक. ही कसली?"

"ही कुठली संख्या?"

"माझी. खाणीतला माझा नंबर. हजेरीला नाव नाही घेत तिथं." ते खोकले, थांबले. "पहिल्या वर्षी मला वाटायचं नंबर विसरलो तर घरी पाठवतील. म्हणून झोपेतसुद्धा पाठ होता."

थाकानेनं वहीच्या मागच्या पानावर आकडा लिहिला. विषम होता, म्हणजे दोन गेले. अंकांची बेरीज सात, म्हणजे तीन गेले. शेवटी एक, म्हणजे पाच गेले. सातानं भागला तर बाकी एक.

"प्रत्येक वेळी एकच उरतोय," बाप म्हणाले. "कोण तो एक? त्याला हाकलता येत नाही का?"

तिला हसू आलं. घरात बापाच्या बोलण्यावर ती त्या हिवाळ्यात पहिल्यांदा हसली असेल.

शाळेत गणकयंत्र होतं. मुख्याध्यापकांच्या कपाटातून मागून घेतलं असतं तर दुपारभरात निकाल लागला असता. ती तसं म्हणालीही. बाप म्हणाले, "यंत्राला काय घाई आहे. मला शिकव. मी चौथीपर्यंत गेलोय, पाढे येतात मला."

मग तिनं त्यांना मोठे भागाकार शिकवले. आधी समासात भाजकाचा पाढा एकपासून नऊपर्यंत लिहून घ्यायचा, म्हणजे अंदाज करावा लागत नाही. मग डावीकडून एकेक आकडा खाली आणायचा. फक्त मूळ संख्यांनीच भागायचं, कारण तिनानं गेली नाही ती नवानं कशी जाईल? आणि चारशे साठपर्यंतच जायचं.

"पुढं का नाही?"

"भाजक जोडीनं येतात, न्ताते. चारशे साठ गुणिले चारशे साठ म्हणजे जवळजवळ तुमचा नंबर. चारशे साठच्या पुढं मोठा भाऊ असता, तर धाकटा अलीकडं आधीच सापडला असता."

"म्हणजे किती झाले?"

"अठ्ठ्याऐंशी."

"अठ्ठ्याऐंशी भागाकार," ते म्हणाले. त्यांनी कांबळं अंगाभोवती ओढलं आणि पेन्सिल मागितली.

तेव्हापासून शनिवारला चव आली. ती आत शिरायच्या आधीच ते वही पुढे करायचे. खाणीत पहार चालवून जाड झालेले ते हात. आकडे मोठाले, पण एकाखाली एक सरळ. अकराला दहा उरले, तेराला सहा उरले. बाकी आली की ते खाली रेघ मारायचे. भागाकार करताना मध्येच खाणीतल्या गोष्टी निघायच्या: कोण माणूस लिफ्टच्या पिंजऱ्यातून खाली जाताना गायचा, कोण आपल्या मुलांची नावं फळीवर कोरायचा, कुणाचा हात गेला. आई दारातून म्हणायची, "नंबर शिकायला मास्तरीण हवी होती होय तुला? मी विचारलं तर कधी एक शब्द सांगितला नाहीस."

"तू भागाकार विचारलास का कधी?" बाप म्हणायचे, आणि आई आंबिलीचा वाडगा त्यांच्यासमोर जरा जोरात ठेवायची. पण ती तिथंच बसून राहायची, ऐकत.

ऋतू पालटला. सप्टेंबरात पीचच्या झाडांना फुलं आली. बाप आता उठून उभं राहत नव्हते, पण आकडे थांबले नव्हते; शंभरी ओलांडली होती. आणि त्याच सुमारास शाळेत ठरलं की ऑक्टोबरपासून शनिवारी परीक्षेच्या मुलींचे जादा वर्ग घ्यायचे. थाकानेनं मुख्याध्यापकांकडे थोडी मुदत मागितली. घरी आली तेव्हा वही हातात घेता घेता ती सहज म्हणाली, "न्ताते, हे तुमचं एकदा संपलं ना, की मग मला दर शनिवारी जमायचं नाही. महिन्यातून एकदा येईन. मध्येच सोडायला नको म्हणून थांबलेय."

"हं," ते म्हणाले. "बरोबर आहे. मुलींची परीक्षा आहे."

पुढच्या शनिवारी तिनं आणलेला गठ्ठा नेहमीपेक्षा मोठा होता. बापानं वही पुढे केली. तिनं मांडीवरच्या वहीवरून नजर पूर्ण न काढता पान पाहिलं, तीन भागाकार, तीन बाक्या, तीन रेघा. तिन्हींवर लाल पेननं बरोबरची खूण केली आणि वही परत दिली.

"ठीक आहे?" त्यांनी विचारलं.

"ठीक आहे. चालू ठेवा."

त्यानंतरचे शनिवार असेच गेले. तिचं वह्या तपासणं वाढलं होतं, त्यांचा श्वास कमी झाला होता. गोष्टी आता निघत नव्हत्या. ते दोन आकडे लिहायचे आणि पेन्सिल खाली ठेवून डोळे मिटायचे. ती म्हणायची, "राहू द्या आज." ते मान हलवायचे. दोनशे सत्तावन्नच्या पुढचा भाजक दोनशे त्रेसष्ट. तो त्यांनी नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुरा केला.

त्याच आठवड्यात बुधवारी ते गेले. थाकाने परीक्षागृहात उभी होती. मिशनच्या ट्रकवाल्यानं निरोप आणला. तिनं हातातल्या उत्तरपत्रिका दुसऱ्या बाईंकडे दिल्या आणि निघाली. पोहोचेपर्यंत गुरुवारची दुपार झाली. आईनं त्यांना कांबळ्यात गुंडाळून ठेवलं होतं. बैल कापला गेला, गावानं जेवण केलं, धाकटे काका माफा यांनी कबरीत पहिली माती टाकली. घरातल्यांनी डोकी भादरली, आईनं काळं वस्त्र पांघरलं. थाकाने रडली, पण जितकं रडायला हवं तितकं नाही असं तिला स्वतःलाच वाटलं. सहा महिन्यांची ओळख, तिच्यावर किती रडणार, असा विचार मनात आला आणि त्याची तिला लाज वाटली.

महिन्यानं कपडे वाटायचा दिवस आला. मेलेल्या माणसाचे कपडे धुऊन नातेवाइकांत वाटतात, त्याशिवाय घर मोकळं होत नाही. माफाकाकांनी एकेक वस्तू उचलली. कोट मावसभावाला, दुसरं कांबळं काकांनी स्वतःला, खाणीतले बूट शेजारच्या म्हाताऱ्याला. शेवटी ट्रंकेच्या तळाशी वही निघाली. काकांनी पानं उलटली.

"हे काय? सगळे आकडेच. हे मास्तरणीला द्या, आम्हाला काय कळणार."

लोक गेल्यावर थाकाने झोपडीबाहेर दगडावर बसली. तिनं मनाशी ठरवलं होतं की उरलेले बत्तीस भागाकार आपण पुरे करायचे. शेवटचं पान काढलं. दोनशे त्रेसष्ट. त्याच्या आधीचं. त्याच्याही आधीचं. प्रत्येक भागाकार ती आता ओळ न ओळ तपासत होती, कारण कुणाला परत द्यायची घाई नव्हती. सगळे बरोबर होते. चौथीपर्यंत शिकलेल्या, श्वास न पुरणाऱ्या माणसानं एकही हातचा चुकवला नव्हता.

मग ती एकशे तेराच्या पानावर आली.

समासात एकशे तेराचा पाढा. दोनशे बारातून एकशे तेरा गेले, नव्व्याण्णव. एक खाली आणला, नऊशे एक्क्याण्णव, आठ वेळा. शून्य खाली, आठशे सत्तर, सात वेळा. शेवटचा एक खाली आला: सातशे एक्क्याण्णव. आणि समोरच समासात, त्यांच्याच अक्षरात, एकशे तेरा साती सातशे एक्क्याण्णव. पण इथं त्यांनी सात घेतला नव्हता. सहा घेतला होता. सहाशे अठ्ठ्याहत्तर वजा करून खाली लिहिलं होतं: बाकी एकशे तेरा. खाली रेघ.

बाकी भाजकाएवढी. पाचवीतलं पोरसुद्धा बोट ठेवील. भागाकार पुरा झाला नाही, अजून एकदा भाग जातोय, आणि मग काही उरत नाही. एकशे तेरा गुणिले अठराशे सत्त्याहत्तर. संख्या संयुक्त होती. तिसाव्या भागाकाराला सगळं संपलं होतं. आणि त्या बाकीशेजारी तिच्या हातची लाल खूण होती, ठसठशीत.

 आई पाण्याचा डबा घेऊन आली, तिच्याकडे पाहून खाली टेकली.

"सापडलं वाटतं तुला," आई म्हणाली.

"तुला ठाऊक होतं?"

"आकडे मला कुठं कळतात. तू महिन्यातून एकदा येईन म्हणालीस ना, त्याच्या पुढच्या गुरुवारी तुझा बाप एकदम मला हाक मारून म्हणाला, संपलं, मा-थाकाने. मी म्हटलं, काय संपलं? तर म्हणे, काही नाही, चहा ठेव. मग बराच वेळ खोडरबरानं खोडत बसला. पुन्हा लिहिलं. मला म्हणाला, पोरीला काही सांगू नकोस."

थाकानेनं वही मिटली.

"मी म्हटलं, ती मास्तरीण आहे, तिला कळेल," आई म्हणाली. "तो म्हणाला, कळलं तर कळलं. खोटं काही लिहिलं नाही, एक पायरी राखून ठेवलीय. मग त्या शनिवारी तू वही हातात घेतलीस तेव्हा त्याचा श्वास असा अडकला होता, मी पाठीवर हात ठेवून होते. तुला आठवत नसेल."

"नाही आठवत."

"तू गेल्यावर म्हणाला, बघितलं नाही तिनं."

"बरं वाटलं त्यांना?"

 आईनं डब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, तोंडावरून फिरवलं. "मला नाही सांगता यायचं, बाळा. हसला. मग भिंतीकडं तोंड करून पडून राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पेन्सिल मागितली. मी विचारलं, संपलं म्हणालास ना? तर म्हणे, शनिवारी तिला काहीतरी दाखवायला हवं."

सव्वीस भागाकार. एकशे सत्तावीसपासून दोनशे त्रेसष्टपर्यंत, ज्यांचा काही उपयोग नव्हता हे त्यांना ठाऊक होतं असे सव्वीस. प्रत्येक त्यांनी नीट केला होता. आणि ती शेजारी बसून दुसऱ्यांच्या पोरींच्या वह्या तपासत होती. एका शनिवारी, आता तिला आठवलं, ते म्हणाले होते, "जरा इकडं बघ," आणि ती म्हणाली होती, "एवढी एक वही होऊ दे, न्ताते." मग त्यांना काय दाखवायचं होतं ते तिनं विचारलंच नव्हतं.

तेव्हा ती रडली. आईनं तिला अडवलं नाही, जवळही घेतलं नाही. शेजारी बसून राहिली, सूर्य डोंगराआड जाईपर्यंत.

जानेवारीच्या अखेरीस शाळा सुरू झाली. पहिल्याच शनिवारी थाकाने उठली आणि वह्यांचा गठ्ठा खोलीतच ठेवून बसमध्ये चढली. चढण चढून घरी पोहोचली तर आई दाराशी शेंगा सोलत बसलेली. लेकीला पाहून ती चपापली.

"का गं? काही झालं का?"

"नाही."

"मग एवढ्या लांब कशाला आलीस? मी काही रांधलं पण नाही."

 थाकानेनं शाल काढली, आईसमोर जमिनीवर बसली आणि टोपलीतल्या मूठभर शेंगा आपल्याकडे ओढल्या. आईनं तिच्या तोंडाकडे थोडा वेळ पाहिलं. मग, तिला कधी कुणी काही विचारलं नव्हतं असं नाही, पण कुणी नुसतं समोर येऊन बसलं नव्हतं, म्हणून असेल, ती जरा गोंधळल्यासारखी, थांबत थांबत सांगू लागली, की लग्नाच्या साली या उतारावर एवढी वस्ती नव्हती, आणि मोलेफी पहिल्यांदा खाणीवर निघाला त्या दिवशी ती या दारात कुठं उभी होती.