जे आधी येईल ते

गाडीची देखभाल म्हणजे बायकोनं बॉनेट उघडायचं आणि ग्रंथपालांनी पुस्तक, अशी त्या घरातली वाटणी होती. ती मोजे विणण्याच्या कारखान्यात यंत्रांच्या दुरुस्तीवर होती. सुया, दातेरी चाकं आणि वंगण यांत तिचा सगळा जन्म गेला. ग्रंथपालांचा गेला वाचनालयात. घरात खिळा ठोकायचा झाला तरी हातोडी ती घ्यायची आणि हे खाली उभे राहून "जपून हं" म्हणायचे. लोक हसायचे. ग्रंथपालांना ते आत कुठेतरी लागायचं, पण चारचौघांत तेही हसून घ्यायचे.

गाडी घेतली तेव्हाच ती जुनी होती, दोन मालकांच्या हातून आलेली. त्याच वर्षी रद्दीच्या दुकानात पुस्तकांचा ढीग उपसताना ग्रंथपालांना एक जाडजूड पुस्तक सापडलं. घरच्या घरी गाडीची देखभाल कशी करावी याचं. वर त्यांच्याच गाडीचं नाव मोठ्या अक्षरांत, आणि आत सबंध वेळापत्रक: ऑइल कधी बदलायचं, फिल्टर कधी, प्लग कधी, ब्रेकचं तेल कधी. त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. घरी आल्या आल्या, जोडे काढायच्याही आधी, त्यांनी सवयीप्रमाणे पुस्तकाला खाकी कव्हर घातलं, सुबक अक्षरांत नाव लिहिलं आणि मगच ते तिच्या हातात दिलं. तिच्या कामाचं काहीतरी आपण दिलं, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

तिनं उभ्या उभ्या पुस्तक चाळलं. एका पानावर थांबली. त्यांच्याकडे बघितलं, पुन्हा पानाकडे बघितलं.

"तुम्ही वाचून दाखवाल का?" ती म्हणाली. "माझे हात तेलकट असतात."

तेव्हापासून ते वाचत आले. सुटीच्या सकाळी गाडी छपराखाली उभी असायची, ती बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकलेली, आणि हे लाकडी स्टुलावर, पुस्तक मांडीवर घेऊन. ग्रंथपाल तसे फार लाजरे. वाचनालयाच्या वार्षिक सभेत अहवाल वाचायचा म्हटलं की ते दुसऱ्या कुणाला तरी पुढे करायचे. पण त्या स्टुलावर त्यांचा आवाज मोकळा व्हायचा. स्वल्पविरामापाशी थांबून, आकडे दोनदा सांगून ते वाचायचे. प्रत्येक वाक्यानंतर बॉनेटमधून उत्तर यायचं: "हं."

"'अमुक इतके किलोमीटर किंवा सहा महिने, जे आधी येईल ते,'" ते वाचायचे.

"आपल्याकडे कायम महिनेच आधी येतात," आतून आवाज यायचा. "गाडी जाते कुठे? तुमच्या वाचनालयापर्यंत आणि परत!"

"मग काय सायकल घेऊ?"

"तिचंही पुस्तक आणाल आधी!"

पुस्तकाचं कव्हर ऑइलनं माखलं की ती स्वतः बदलायची. ग्रंथपाल म्हणायचे, अगं मी घालतो, मला सवय आहे. तर म्हणायची, "राहू द्या. हे माझं काम." पुस्तकांना कव्हर घालण्यात हयात गेलेल्या माणसाला हे जरा चमत्कारिक वाटायचं. पण तिच्यापुढे कोणत्याही बाबतीत आपलं चालायचं नाही, तसंच हेही, असं समजून ते सोडून द्यायचे.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. दुखणं लहानसंच वाटलं होतं. दवाखान्यात गेली तीसुद्धा स्वतः गाडी चालवत, हे शेजारच्या सीटवर तिची पिशवी मांडीवर घेऊन. परत येताना चालवायला ग्रंथपाल एकटेच होते.

मुलगी दुसऱ्या शहरात असायची. दिवस सरले, येणीजाणी कमी झाली, तेव्हा तिनं फोनवर विषय काढला.

"बाबा, गाडी काढून टाकू या. उगाच दारात गंजणार."

"गंजेल कशी? मी आहे ना."

"तुम्ही? बाबा, तुम्हाला दिवाणखान्यातला बल्ब बदलता येत नाही. आई शेजारणीला सांगायची, आमच्याकडे बल्ब गेला की हे अंधाराविषयी वाचायला बसतात म्हणून!"

"पुस्तक आहे माझ्याकडे."

"पुस्तक काय हातात पाना धरणार आहे?"

ग्रंथपालांना एरवी उत्तर सुचलं नसतं. त्या दिवशी सुचलं. ते म्हणाले, या खेपेची देखभाल मी स्वतः करतो आणि गाडी घेऊन तुझ्या दारात येतो. नीट पोचलो तर विकण्याचा विषय पुन्हा काढायचा नाही.

"आणि नाही पोचलात तर?"

"तर तू म्हणशील तसं."

गाडीत त्यांचा जीव अडकला होता असं नव्हे. चालवतानासुद्धा ते घाबरूनच चालवत. पण घरातलं तिचं सगळं हळूहळू कपाटात गेलं होतं, आणि हे एकच असं होतं की ज्यात त्यांचाही वाटा होता. त्या कामातलं निम्मं काम आपलं होतं, एवढं त्यांना पाहायचं होतं. मुलीला दाखवायचं होतंच, पण त्याहून जास्त स्वतःला.

ठरलेल्या सकाळी त्यांनी तिचा निळा डगला घातला. तो खांद्यात आखूड पडला. स्टूल आणलं, पण त्यावर बसणार कोण, म्हणून पुस्तकच उघडून ठेवलं. एक वाक्य मोठ्यानं वाचायचं, मग जाऊन तेवढं करायचं, असं चाललं. वाक्य संपलं की नकळत ते क्षणभर थांबत. बॉनेटमधून काही येत नसे. मग पाना उचलत.

खालचा बोल्ट सुटता सुटेना. सुटला तेव्हा काळं, चिकट ऑइल कोपरापर्यंत ओघळलं. फिल्टर काढताना बोटं सोलवटली. नवं ऑइल पुस्तकात दिलेल्या मापानं, स्वयंपाकघरातल्या मापाच्या भांड्यानं, थेंबही न सांडता ओतलं. मग डिपस्टिक काढून बघितली तर ऑइल वरच्या खुणेच्याही वर. ग्रंथपालांनी ती पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. तेच. त्यांनी पुस्तकातलं माप पुन्हा वाचलं. माप बरोबर होतं. छापलेलं चुकीचं असेल हे काही त्यांच्या मनात आलं नाही. आपल्यालाच डिपस्टिक वाचता येत नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं. असल्या गोष्टी त्यांना लगेच पटत.

वेळापत्रकात शेवटची ओळ होती: इंजिनाच्या पुढच्या बाजूची साखळी, जी आतल्या सगळ्या हालचालींची वेळ सांभाळते, तिला ठरावीक मुदतीनं बदलण्याची गरज नाही. ही ओळ त्यांना पाठ होती. तिथे पोचले की ते दरवेळी म्हणायचे, "सुटलो एकदाचे!" आणि ती पाठ फिरवून फडक्याला हात पुसत राहायची.

"सुटलो एकदाचे," ते रिकाम्या छपराखाली म्हणाले.

किल्ली फिरवली. इंजिन लागलं, पहिल्या झटक्यात. ग्रंथपाल सीटवर बसून राहिले आणि थोडा वेळ त्यांना पुढचं काही नीट दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी निघाले. इस्त्रीचा सदरा, शेजारच्या सीटवर पुस्तक. मागच्या गाड्या भोंगे वाजवून पुढे जात होत्या, एकानं तर काच खाली करून "आजोबा, झोप लागली का?" असंही विचारलं. ग्रंथपालांनी त्याला हात केला. इतके खुशीत ते कित्येक महिन्यांत नव्हते. गाव मागे पडलं, नदीचा पूल आला, आणि पुलाच्या ऐन मध्यावर पुढे कुठेतरी 'फट्' असा आवाज झाला, ओलं कापड झटकल्यासारखा. मग काहीच नाही. गाडी नुसती घरंगळत जाऊन कठड्यापाशी उभी राहिली.

त्यांनी किल्ली फिरवली. आत काहीतरी फिरलं, पण नेहमीपेक्षा फार हलकं, जणू इंजिनात धरायला काही उरलंच नव्हतं. पुन्हा फिरवली. मग पुस्तक उघडून 'गाडी सुरू होत नसल्यास' हे प्रकरण काढलं, आणि मागे गाड्यांची रांग लागलेली असताना, आत बसून, पहिल्या परिच्छेदापासून वाचायला लागले.

गॅरेजवाल्याचं खरं नाव कोणी घेत नसे. समोर आलेली कुठलीही वस्तू आधी हातोडीनं वाजवून बघायची खोड, म्हणून सगळे त्याला ठोक्या म्हणत. तोच दोर बांधून गाडी ओढत घेऊन आला. मुलगीही घाईघाईनं येऊन पोचली. "लागलं नाही ना तुम्हाला?" असं तिनं तीनदा विचारलं, आणि गाडीचं नाव काढलं नाही. ग्रंथपालांना ते जास्त लागलं.

ठोक्यानं पुढचं झाकण काढलं, आत हात घालून रबरी पट्ट्याचा एक लोंबता तुकडा ओढून काढला.

"टायमिंग बेल्ट तुटला, काका. आतले वॉल्व्ह वाकले सगळे. आता इंजिन उघडायचं म्हणजे गाडीच्या किमतीपेक्षा जास्त जाईल. आणि ऑइल किती ओतलंय हे? अंघोळ घालायची होती का तिला?"

"बेल्ट नाही," ग्रंथपाल म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "साखळी असते. ती बदलायची गरज नसते."

"हा काय माझ्या हातात! फार काही चालली नाही तुमची गाडी, पण रबराला वर्षं मोजतात ना. किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी येईल ते."

ग्रंथपालांनी पुस्तक पुढे केलं. बोट ठेवून ओळ दाखवली. ठोक्यानं ती वाचली नाही. त्यानं खाकी कव्हर एका बाजूनं सोडवलं आणि पुस्तक उलटं केलं. मलपृष्ठावर, खालच्या कोपऱ्यात, लहान टायपात छापलं होतं की हे पुस्तक अमुक सालापर्यंतच्या गाड्यांसाठी आहे. ते साल त्यांच्या गाडीच्या बरंच आधीचं होतं.

"नाव तेच ठेवलं कंपनीनं, इंजिन बदललं," ठोक्या म्हणाला. मग जरा चाचरत म्हणाला, "काकूंना माहीत होतं की. मागे एकदा बेल्ट बदलला त्यांनी, इथूनच नेला होता. तुम्ही कुठल्याशा संमेलनाला गेला होतात. मी म्हटलं, या गाडीचं बरोबर पुस्तक मिळतं, मागवून देऊ का? तर नको म्हणाल्या."

"का?"

"'त्यांना वाचू द्या,' म्हणाल्या."

मुलीला हसू फुटलं. तिनं तोंडावर हात धरला, तरी आवरेना. "आई पण ना! एवढी वर्षं! आणि 'हं, हं' करत—" मग तिचं बापाकडे लक्ष गेलं, आणि तिचं हसू मध्येच मोडून ती तिथेच, टायरच्या चळतीला टेकून रडायला लागली.

ग्रंथपाल मलपृष्ठावरचं ते साल बघत राहिले. नवं पुस्तक आलं की आधी आवृत्ती आणि साल बघायचं, मग बाकीचं, हे ते हाताखालच्या किती माणसांना शिकवत आले होते. आणि हे एक पुस्तक त्यांनी न बघता झाकून टाकलं होतं, कारण ते तिच्यासाठी होतं. तिच्या मनात काय असेल? माया असेल. कीवही असेल. बॉनेटमध्ये तोंड लपवून ती हसत असेल का? विचारायची सोय राहिली नव्हती.

"काका, इकडे या," ठोक्या एकदम म्हणाला. त्याला बहुधा काहीतरी चांगलं करायचं होतं. त्यानं त्यांना गॅरेजच्या मागे नेलं. तिथे विटांवर चढवलेली एक जुनी गाडी होती, तेच नाव, रंग उडालेला. इंजिनाचं पुढचं झाकण काढलेलं होतं आणि आत काळपट, तेलानं चकाकणारी साखळी होती. "ही तुमच्या पुस्तकातली. हिचंच काम चाललंय. वाचा की, काय लिहिलंय."

ग्रंथपालांनी पान काढलं. शेजारचं चित्र आणि समोरचं इंजिन हुबेहूब एक होतं. त्यांनी चष्मा सारखा केला.

"'साखळीचा ताण तपासण्यापूर्वी इंजिन पूर्ण थंड—'"

"हां, ते माहितीये. पुढे?"

"'वरच्या चाकावरची खूण झाकणाच्या—'"

"तेही माहितीये, काका. पुढचं."

ग्रंथपालांनी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी पुस्तक मिटलं. ठोक्याचं काही चुकलं नव्हतं. ज्याला काम येतं तो असंच म्हणणार.

"ठेव तुझ्याकडे," ते म्हणाले. "तुझ्याच गाडीचं आहे." कव्हर मात्र त्यांनी काढून घेतलं.

परतताना ते मुलीच्या गाडीत होते आणि ती चालवत होती. आपल्या गाडीचं काय करायचं ते सांग, असं त्यांनी स्वतःहून तिला सांगितलं, आणि ती फक्त "बघू" म्हणाली. त्यांनी मांडीवर खाकी कागद उलगडला. कोपऱ्यांच्या घड्या त्यांच्या पद्धतीच्या नव्हत्या; मोज्याचं तोंड आत खोचावं तशा त्या आत खोचल्या होत्या, आणि मलपृष्ठ जिथे येतं तिथे कागद दुहेरी लावला होता.

"काय बघताय, बाबा?"

"काही नाही," ग्रंथपाल म्हणाले. "छान घालायची कव्हर."