वेशीच्या अलीकडे पडलेला बाण

मित्रांनो, माझ्या अंगावर एके काळी तीन पिसं होती. आता एकही उरलेलं नाही. माझं लोखंडी टोक मातीत गंजून चाललं आहे आणि ऊनपावसाने अंगाला चिरा पडल्या आहेत. तरीही कुणी विचारलंच, तर मी सांगेन की मी बाण आहे. रानबोरूचा, हाताने घडवलेला आणि आयुष्यात एकदाच सुटलेला बाण.

माझा जन्म साताऱ्याच्या डोंगरात, पाणेरीच्या ओढ्याकाठी झाला. पाणेरी हे गाव तुम्हांला आता नकाशात सापडायचं नाही. ते उठलं. जंगल राखीव झालं, तेव्हा तिथल्या माणसांना खाली सांगली जिल्ह्यात, इस्लामपूरच्या बाजूला जागा मिळाली. कौलं, वासे, दारं, दळणाची जातीसुद्धा ट्रकांत चढली. मागे राहिलं वाघजाईचं दगडी देऊळ, घरांची उघडी जोती आणि ओढ्याकाठचं बोरूचं बेट. मी उगवलो तोवर ही सगळी हकिगत जुनी झाली होती. ओढ्याकाठी माणूस फिरकत नसे. संध्याकाळी गवे पाण्यावर यायचे, तेवढीच काय ती जाग.

एका माघात दुपारच्या वेळी एक म्हातारा कोयता घेऊन ओढ्यात उतरला. त्याचं नाव हरिबा. त्याच्याबरोबर अमृत नावाचा तरुण वनरक्षक होता.

"आबा, हितली काडीबी तोडायची न्हाई. तुमाला ठाव हाय न्हवं?" अमृत म्हणाला.

"एकच घेतो बाबा. देवीची हाय."

अमृतने इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाला, "मी वरल्या अंगाला पाणी पिऊन येतो. तवर काय आटपायचं ते आटपा."

हरिबाने घाई केली नाही. एकेका बोरूला त्याने चिमटीत धरून पाहिलं, नखाने वाजवून पाहिलं. कुणी पोकळ निघाला, कुणाची पेरं आखूड निघाली. शेवटी त्याचा हात माझ्यावर येऊन थांबला. इतक्या गर्दीतून आपल्याला कुणीतरी निवडलं, याचा आनंद मला तेव्हा फार झाला. त्याची किंमत म्हणजे ते बेट कायमचं सोडणं, हे मला कळलं नव्हतं.

पाणेरीची एक रीत होती. दर माघात वाघजाईच्या जत्रेला एक नवा बाण देवळाच्या पायरीवरून सोडायचा. तो गावाची वेस ओलांडून जिथे पडेल, तिथवर त्या वर्षी देवी राखण करते, असं मानायचे. पडलेल्या बाणाला पुन्हा कुणी हात लावायचा नाही. बाण घडवण्याचा मान हरिबाच्या घराकडे होता आणि सोडण्याचा मान नानासोंच्या घराकडे. घडवणाऱ्याने बाण सोडायचा नाही, हा नियम होता. गाव उठलं तरी रीत उठली नाही. माणसं दरसाल परवानगी काढून वर यायची.

हरिबाने मला नव्या गावातल्या घरी नेलं. पत्र्याचं छप्पर, आत एक चूल आणि चहूबाजूंनी ऊस. त्याची बायको वारली होती, मुलगा पुण्याला असायचा. मी चुलीवरच्या आढ्याला टांगलेला, धुरात वाळत होतो. तिथून मला हरिबाचा सगळा दिवस दिसायचा. तो भाकरी थापायचा, खायचा आणि दारात बसायचा. बसल्या बसल्या कधी उसाकडे बघायचा, तर कधी नुसताच बघायचा. त्याच्याशी कुणी बोलत नसे, कारण तोही कुणाशी बोलत नसे.

नानासोंचं घर पलीकडच्या गल्लीत होतं. दोघं एका वयाचे, एकाच ओढ्यात पोहायला शिकलेले. पण पाणेरी उठताना गावाने ठरवलं होतं, की सगळ्यांना एका ठिकाणी जमीन मिळाल्याशिवाय कुणी हलायचं नाही. आणि नानासोंनी सगळ्यांच्या आधी आपला संसार ट्रकात भरला. मग एकामागून एक घरं रिकामी झाली. तेव्हापासून हरिबाने त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांच्या दारावरून जायला नको म्हणून तो दुकानालासुद्धा लांबच्या वाटेने जायचा. जत्रेच्या दिवशी तो बाण त्यांच्या हातात द्यायचा, तेवढाच संबंध. तोही मान खाली घालून.

थंडी पडल्यावर त्याने मला खाली काढलं. निखाऱ्यावर शेकत, गुडघ्यावर दाबत, एक डोळा मिटून तो माझा बाक काढायचा. किती वेळा तरी मी पुन्हा वाकडा व्हायचो. तो रागावला नाही. काचेच्या तुकड्याने त्याने माझ्या गाठी खरवडल्या, पुढच्या पोकळीत बाभळीची खुंटी ठोकली, मागे दोरीसाठी खाच पाडली. विजेच्या खांबाखाली मिळालेली घारीची पिसं त्याने डिंकाने चिकटवली आणि वरून दोऱ्याने करकचून बांधली. एवढं प्रेम मला पुन्हा कधी मिळालं नाही.

मग तो मला घेऊन इस्लामपूरच्या बाजारात हाफिज शिकलगारांकडे गेला. हाफिजभाई कात्र्या-विळ्यांना धार लावायचे आणि दर वर्षी पाणेरीच्या बाणाचं टोकही तेच घडवायचे. त्यांनी मला बोटावर तोलून पाहिलं.

"लय सरळ उतरलाय गड्या. औंदा नेम कोन धरनार?"

"ज्याचा मान हाय त्यो."

"नाव घे की त्याचं."

हरिबाने नाव घेतलं नाही. हाफिजभाईंनी टोक बसवता बसवता एवढंच म्हटलं, "नानासोंचा हात ऱ्हायलाय म्हनं. अंगावरनं वारं गेलं त्यास्नी. जाऊन आलास का न्हाई?"

हरिबाने मला धोतराच्या फडक्यात गुंडाळलं आणि तो उठला.

पूर्वी जत्रेला जीपगाड्या भरून माणसं जायची, असं मी ऐकलं होतं. त्या वर्षी एस. टी. स्टँडवर दोघंच होते. हरिबा माझ्यासह एका टोकाला, नानासो कामठा म्हणजे धनुष्य घेऊन दुसऱ्या टोकाला. गाडीतही ते वेगवेगळ्या बाकांवर बसले. पुढे रानातली चढण होती. नानासो काठी टेकत, थांबत थांबत चढत होते. हरिबा पुढे जायचा आणि वळणावर उभा राहायचा. मागे मात्र बघायचा नाही. अमृत दोघांच्या मधून चालत होता. कुणाशी बोलावं, हे त्याला कळत नव्हतं.

देवळापुढचं गवत कमरेइतकं वाढलं होतं. नानासोंनी देवीला हळदकुंकू वाहिलं, मला हातात घेतलं आणि पायरीवर उभे राहिले. दोरी ताणायला गेले, ती निसटली. पुन्हा ताणली, पुन्हा निसटली. मी खाली पडलो. अमृतने मला उचलून दिलं.

"आबा, मी मारू का?" त्याने विचारलं.

"न्हाई रं. पाणेरीचाच मानूस लागतो," नानासो म्हणाले. मग एवढ्या वर्षांत जे केलं नव्हतं ते त्यांनी केलं. त्यांनी हाक मारली.

"हरिबा, हात लाव."

हरिबा जागचा हलला नाही. "घडवणाऱ्यानं सोडायचा न्हाई," तो तोंड फिरवून म्हणाला.

"सोडतो मीच. तू नुसती दोरी वढ."

हरिबा पायरी चढला. नानासोंच्या मागे उभा राहून त्याने त्यांच्या बोटांवर आपली बोटं ठेवली. दोघांचा श्वास माझ्या पिसांना लागत होता. दोरी ताणली गेली, कामठा करकरला आणि नानासोंनी बोटं सोडली.

मित्रांनो, मी उडालो. माझं सगळं घडणं ज्याच्यासाठी होतं, तो तेवढाच क्षण. खाली गवत, जोती, एक पडका हौद भर्रकन मागे गेला. पुढे वेशीचा दगड दिसत होता. मी त्याच्याकडे झेपावलो, पण अंगातला जोर संपला. वेशीच्या पुष्कळ अलीकडे, जुन्या खळ्याच्या कडेला मी मातीत रुतलो.

मला वाटलं, माझंच काही चुकलं. नानासोंच्या हातातून कामठा गळून पडला. "वेस ऱ्हायली," ते म्हणाले. "माज्या हातनं वेस ऱ्हायली रं."

हरिबाने पायरीला टेकलेली काठी उचलून त्यांच्या हातात दिली.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "आता राखायला आपून दोघंच हाव. तेवढ्यास्नी पुरतंय."

मग ते दोघं खळ्याच्या कडेला, माझ्याजवळ येऊन बसले. एका फडक्यातली भाकरी दोघांनी खाल्ली. भाकरी संपल्यावर नानासोंनी आपल्या बायकोचा विषय काढला, "मनूला दम लागत हुता तवा. हितनं दवाखान्यात न्हेता न्हेता गेली असती. म्हनून गाडी भरली म्या."

"मनुबाईचं ठावं हुतं मला," हरिबा म्हणाला.

"ठावं हुतं?"

"व्हय."

नानासो रागावले नाहीत. उठताना म्हणाले, "खाली गेल्यावर येत जा की घराकडं. च्या प्यायला."

"येतो," हरिबा म्हणाला.

ते उतरणीला लागले. या खेपेला हरिबाने नानासोंचा दंड धरला होता. दोघं झाडीआड गेले आणि मी एकटा राहिलो.

मग पावसाळा आला. त्या डोंगरातला पाऊस तुम्ही पाहिला नसेल तर त्याची कल्पना यायची नाही. किती तरी दिवस धुक्यापलीकडे काही दिसत नसे. माझा डिंक सुटला, पिसं एकेक करून वाहून गेली. पण मी खचलो नाही. माघात दोघं मिळून येतील, हे मनाशी धरून मी उभा होतो.

माघ आला. अमृत पुढे होता आणि त्याच्या मागे एकटा हरिबा. हातात फडक्यात गुंडाळलेला नवा बाण.

"दुसरं आबा?" अमृतने विचारलं.

"गेलं. गौरी-गनपतीच्या आदी."

अमृत लांब जाऊन उभा राहिला. हरिबा खळ्यापाशी आला आणि गेल्या वर्षी नानासो जिथे बसले होते, त्या जागेच्या शेजारी बसला. आणि बोलू लागला. ज्याने वर्षानुवर्षं शब्द काढला नव्हता, तो म्हातारा रिकाम्या जागेकडे तोंड करून दुपार कलेपर्यंत बोलत होता.

"आज जाऊ, उंद्या जाऊ म्हनत ऱ्हायलो नाना. गल्लीच्या तोंडापतोर येत हुतो, माघारी फिरत हुतो. पाय उचलत न्हवता. लय वर्सांचा अबोला, अंगात मुरला हुता रं. तू च्या ठेवून वाट बघत हुतास म्हनं. तुज्या पोरीनं सांगितलं मला, माती दिल्यावर."

नवा बाण सोडायला कुणी नव्हतं. हरिबाने नियम मोडला नाही. त्याने तो बाण हातानेच माझ्या शेजारी मातीत रोवला, त्यावरून एकदा हात फिरवला आणि अमृतच्या आधाराने उठला.

त्यानंतर कुणी आलं नाही. शेजारचा बाण उभा आहे, मीही उभा आहे. तो कधी उडाला नाही आणि मला पुन्हा उडायचं नाही.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. बोरू मातीतून आला, मातीत जाईल. पण कुणाला 'येतो' म्हणून सांगितलं असेल, तर जा. गल्लीच्या तोंडातून माघारी फिरू नका. आणि इस्लामपूरच्या बाजूला, एखाद्या नव्या वसाहतीत, पत्र्याच्या घराच्या दारात म्हातारा एकटाच उसाकडे बघत बसलेला दिसला, तर घटकाभर त्याच्याजवळ बसा. तब्येत विचारू नका, पोरं कुठे असतात हेही विचारू नका. त्याला त्याच्या जुन्या गावाचं नाव विचारा. पुढचं तो आपणहून सांगेल.