उंबऱ्याबाहेरचा जोड

मित्रांनो, मी चपलांचा एक जुना जोड आहे. आज मी रागावलेला आहे. का, ते ऐका.

सोलापुरातल्या एका कारागिराने मला मधुमेहाच्या रुग्णांसाठी बनवले. तळाला जाड, मऊ रबर लावले, पट्टे रुंद ठेवले, खिळा एकही मारला नाही. डॉक्टरीणबाईंनी मला हेमावतीच्या पायांत घातले आणि बजावले, "तळपायांना टोचलेलं, भाजलेलं तुम्हाला आता कळत नाही. घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही." आपला जन्म कामी आला, असे मला वाटले.

पण घराच्या दारातच तिच्या सासूबाई, शिवबाई म्हणाल्या, "घरात देव हाय. चप्पल उंबऱ्याभाईर."

हेमावतीने नवऱ्याकडे पाहिले. प्रभुलिंगरावांनाही साखरेचाच आजार. त्यांची गोळी, वेगळी भाजी, वेळेवरची भाकरी सगळे तीच बघे. ते म्हणाले, "आई सांगतीय तसं कर की."

मी दारात धूळ खात पडलो. आत ती अनवाणी राबायची आणि सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खायची. तिची गोळी कोणी विचारली नाही. "लई गुणाची सून," असे मात्र येणारा-जाणारा म्हणे. त्या कौतुकाची मला चीड येई.

उन्हाळ्यात ती गच्चीवर पापड वाळत घालायला गेली. खायच्या वस्तूजवळ चप्पल नको, म्हणून तिथेही अनवाणीच. सोलापूरचे ऊन तुम्हाला ठाऊक आहे. तळवे भाजले, फोड फुटले, तिला कळलेसुद्धा नाही. शिवबाई म्हणाल्या, "फरशीवर डाग कसला? पुसून घे." तिने पुसला.

जखम चिघळली. उजव्या पायाची दोन बोटे कापावी लागली. दवाखान्यात प्रभुलिंगराव तिलाच म्हणाले, "आधी सांगायचं न्हाय व्हय?" मी खाटेखाली होतो. मला बोलता आले असते तर!

घरी परतल्यावर दारात पुन्हा तेच. "चप्पल काढ."

"न्हाय काढत," हेमावती म्हणाली.

"अगं, देव हाय घरात."

"देवानं माझा पाय मागितला न्हवता, आत्या. तुमी मागितला."

मला घालूनच ती स्वयंपाकघरात गेली, पाटावर बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "गोळीची येळ झाली. आज आधी मला वाढा." प्रभुलिंगराव ताट घ्यायला उठले.

मित्रांनो, तिची बोटे परत येणार नाहीत. आज घरी गेल्यावर आईला विचारा, जेवलीस का, गोळी घेतलीस का. ती हो म्हणेल. तेवढ्यावर थांबू नका. खाली बसा आणि तिचे तळपाय बघा.