सामना संपल्यानंतरचं वर्तुळ

मिरजेच्या मंगल कार्यालयात आम्ही व्हिडिओ गेमची सेमीफायनल जिंकलो, तरी वर्तुळ लहान व्हायचं थांबलं नाही. आयोजकांनी स्क्रीन बंद केल्या, वायरी गुंडाळल्या. बाहेर आलो तर खेळातली निळी भिंत सांगलीकडून सावकाश गावात शिरत होती. दुपारचे बारा वाजले होते.

आमच्या खेळात शंभर जण उतरतात. त्यांच्याभोवतीची गोल भिंत चहूबाजूंनी आत सरकत राहते. जो तिच्या बाहेर राहतो तो बाद होतो, आणि मग उरलेल्यांपैकी कुणाच्या तरी डोळ्यांतून पुढचा सामना बघत बसतो. शेवटी एकच टीम राहते.

चार वर्षांपासूनचा माझा टीममधला जोडीदार मुबीन पायऱ्यांवर बुटाची नाडी बांधायला वाकला आणि भिंत त्याच्यावरून गेली. तो तसाच वाकलेला राहिला, निळसर. आवाज मात्र माझ्या उजव्या कानाच्या आतून आला.

"नेत्रा, थांबू नकोस. मला तुझ्यातून नीट दिसतंय."

"माझ्या मागे काय आहे?"

"तू बघशील तेवढंच दिसतं."

मी घराकडे चालू लागले. धावायची गरज नव्हती. भिंतीचा वेग मला पाठ होता. मागे स्कूटरचे, दुकानांचे, शाळा सुटल्याचे आवाज एकेक करून बंद होत गेले. प्रत्येक आवाजासरशी माझ्या पापण्या थोड्या जड व्हायच्या. कुणीतरी आत येऊन बसायचं.

बाबा फाटकात उभे होते. त्यांनी तीस वर्षं या गावात पत्रं वाटली. मी खेळायला लागल्यापासून ते खेळाबद्दल एक शब्द बोलले नव्हते. माझी ट्रॉफी त्यांनी कपाटात साड्यांमागे ठेवली होती.

"कुठल्या बाजूने सरकतंय?" त्यांनी विचारलं.

"सगळ्याच. पण पश्चिमेकडून जास्त."

त्यांनी मनात गल्ल्या मोजल्या. "म्हणजे मध्य आपल्या स्वयंपाकघरात येतो."

"हो."

"तू बरोबर असशील. तुला कळतं यातलं."

हे ऐकायला मी चार वर्षं थांबले होते. मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची थोडी लाजही वाटली.

आम्ही आत गेलो. भिंतीने अंगण घेतलं, मग तुळस, मग बाहेरची खोली. आई सकाळीच सांगलीला मावशीकडे गेली होती. आता ती माझ्या डाव्या डोळ्यामागे बोलली.

"जरा वळ ना गं. इतक्या वेळात तुझे बाबा धड दिसले नाहीत."

मी वळले. बाबा ओट्याला टेकून उभे होते.

"आई बघतेय तुम्हाला," मी म्हणाले.

त्यांनी शर्टाचं वरचं बटण लावलं. केसांवरून ओला हात फिरवला. मग माझ्याकडे बघत विचारलं, "आपण दोघं एकाच टीममध्ये आहोत ना?"

टीममधल्या माणसाच्या डोक्यावर हिरव्या अक्षरांत नाव दिसतं. बाबांच्या डोक्यावर नुसता पंखा फिरत होता.

"आहोत ना?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"सांग हो म्हणून," आई म्हणाली.

"खोटं नको सांगूस," मुबीन म्हणाला. त्याच्या मागे आणखी बरेच जण कुजबुजत होते. सगळं गाव आत दाटीने बसलं होतं आणि कुणालाच काही चुकवायचं नव्हतं.

भिंत फ्रिजमधून आत आली. आता दोन फरशा उरल्या होत्या, मग दीड. बाबा माझ्याजवळ सरकले. मी लहान असताना धरायचे तसे त्यांनी माझे दोन्ही दंड धरले, मी त्यांचे. ते मला आत ओढत होते की बाहेर ढकलत होते, हे मला त्यांच्या हातांवरून कळेना. त्यांनाही ते माझ्या हातांवरून कळत नसावं.

मला डोळे मिटायचे होते. आतून कुणीतरी ते उघडे धरून ठेवले.