आधी कुणाची तार

वायरवाले त्या दिवशी खांबाखाली पहारा देत उभे होते. हसू येईल, पण अगदी खरं. लेकीचा ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धेतला शेवटचा डाव चालू होता. जिंकली तर संघात निवड, आणि वयाच्या अटीत बसायचं हे तिचं शेवटचं वर्ष. गल्लीतल्या घराघरात इंटरनेट पोचवायचं काम वायरवाल्यांचंच. त्यांच्याच घरचं नेट ऐन डावात गेलं तर लोक तोंडात शेण घालतील, म्हणून ते डोळ्यांत तेल घालून तारांकडे बघत होते.

आणि डाव कुणाशी? तर समोरच्याच इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरांच्या मुलीशी. दोघी एकाच सरांकडे शिकलेल्या. खिडकी उघडली तर एकमेकींना दिसतील, पण झुंजायचं पडद्यावर.

तेवढ्यात कचऱ्याची गाडी आली. वर उचललेला तिचा लोखंडी हात चालकाने खाली घेतलाच नव्हता. वायरवाले ओरडले, धावले, पण त्या बाबाच्या कानांत गाणी. गाडी दोन्ही तारा तोडून पुढे गेली आणि दोन्ही घरांचं नेट एका झटक्यात बंद पडलं.

आता ही तार काही पिळून जोडायची नसते. आत केसाएवढा काचेचा धागा. तो सोलायचा, पुसायचा, सरळ कापायचा, मशीनमध्ये धरून जोडायचा. एका वेळी एकच. वायरवाले शिडीवर चढले तोच बायकोचा फोन आला.

"अहो, आपलं गेलं. मोबाइलचं नेट वापरायला मनाई आहे म्हणे."

"दोघींचं गेलंय. बघतो."

"आधी आपलं बघा."

त्यांनी फोन ठेवला. दोन्ही तारा हातात होत्या. आपली आधी जोडली आणि पोरगी जिंकली, तर जन्मभर तिला ऐकावं लागेल, बापाने जिंकवलं म्हणून. माणूस आयुष्यभर नाकासमोर चाललेला. त्यांनी डॉक्टरांची तार आधी जोडली. मग आपली घेतली, तर घाईत धागा मोडला. परत सोलला, परत कापला.

बुद्धिबळात ज्याची खेळी, त्याचंच घड्याळ पळतं. खेळी लेकीची होती. शिडीवरच्या माणसाला हे कळणार कसं? डॉक्टरांच्या मुलीचं नेट आलं तेव्हा तिला करण्यासारखं काहीच नव्हतं. ती नुसती बसून समोरचं घड्याळ संपताना बघत राहिली.

वायरवाले घरी पोचले तेव्हा बायको पंचांशी फोनवर भांडत होती.

"गाडी आमची नाही, तार कंपनीची, स्पर्धा तुमची. मग हरली माझी मुलगी कशी?"

"ताई, मलाही वाईट वाटतंय," पंच म्हणाले. माणूस भला वाटत होता. "आमच्या बाजूने बिघाड असता तर डाव परत खेळवला असता. पण खेळाडूचं नेट ही खेळाडूची जबाबदारी. नियमात तसं लिहिलंय."

"म्हणजे चूक तिची?"

"चूक नाही हो. जबाबदारी."

कंपनीच्या साहेबांनी गाडीकडे बोट दाखवलं. गाडीच्या कचेरीत सांगितलं, तार खाली लोंबत असणार. संध्याकाळी दातांचे डॉक्टर स्वतः आले. त्यांनी वायरवाल्यांचे हात हातात घेतले. "आमची तार आधी जोडलीत. तुमच्यासारखा माणूस आजच्या काळात मिळायचा नाही," म्हणाले. डाव परत खेळवायला तुम्ही शब्द टाकाल का, असं वायरवाल्यांनी चाचरत विचारलं. डॉक्टर खाली बघू लागले. "नियमापुढे तुम्ही आम्ही काय करणार?"

डॉक्टर गेल्यावर लेक बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं.

"बाबा, आधी त्यांची जोडलीत?"

खोटं बोलायची सोय होती. हाताला जी लागली ती जोडली, म्हणायचं. त्यांना ते जमलं नाही.

"हो."

"का?"

"लोक बोलले असते गं. तुलाच बोलले असते."

"लोकांचं मी बघून घेतलं असतं," ती म्हणाली. "वजीर तिच्या राजाजवळ नेऊन ठेवला की मात, बास. मला एक खेळी करायची होती."

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिने लॅपटॉप मिटला आणि आईला भाजी चिरू लागली. वायरवाले दारातच उभे राहिले. आपण काय करून बसलो, हे त्यांना तेव्हा उमगलं, आणि त्यावर कुठलाच इलाज नव्हता.

गल्लीत मात्र त्यांचा मान वाढला. लोक पाहुण्यांना त्यांची गोष्ट सांगतात. कुणाचंही नेट गेलं की वायरवाले जेवण टाकून पळतात. घरचं गेलं, तर लेक त्यांना सांगत नाही. येईल तेव्हा येईल, म्हणून बसून राहते.